नववीच्या ताटाचा ठराव

आमची शाळा अनुदानित, पाचवी ते दहावीची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात आहे. मी गणित शिकवते आणि शालेय पोषण आहाराचं कामही माझ्याकडेच आहे. तांदूळ-कडधान्याचा साठा बघायचा, मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत सही करायची, रोजची लाभार्थी संख्या ॲपवर भरायची. हे काम मला कधी ओझं वाटलं नाही. दिवसभरात मुलांच्या चेहऱ्यावर लगेच उमटतं असं हे एकच काम आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. गावातली अर्धी घरं कुलूपबंद झालेली. कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, साखर कारखान्यांवर गेलेले, मागे म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. त्या दिवशी चाचणी परीक्षा असल्यामुळे पाचवी ते आठवीची हजेरी पूर्ण होती. भात आणि मटकीची उसळ. मावशींनी हजेरीप्रमाणे मापून शिजवलं होतं आणि पातेलं तळापर्यंत रिकामं झालं.

दुपारच्या तासाला नववीत गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. फळ्यावर बोलावलं तर उठला, बाकाला धरून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. अंगाला हात लावून बघितला, ताप नव्हता. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आज उरलं न्हाई."

काय उरलं नाही, हे कळायला मला क्षणभर लागला. हा मुलगा रोज मधल्या सुट्टीत लहान मुलांना वाढायला यायचा. ताटं मांडायचा, डाव हातात घेऊन पंगतीतून फिरायचा. किती गुणी पोर, असं आम्ही सगळे म्हणायचो. सगळ्यांचं झालं की मावशी पातेल्यातली खरवड त्याला काढून द्यायच्या. तेच त्याचं दुपारचं जेवण. गेल्या वर्षी आठवीत असताना हाच मुलगा पंगतीत मांडी घालून जेवत होता. जूनमध्ये नववीत गेला आणि लाभार्थींच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

मावशींनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणली. आधी नको म्हणाला, मग भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

त्याच दिवशी चार वाजता पालक-शिक्षक संघाची सभा होती. विषयपत्रिकेवर संरक्षक भिंत आणि सहल होती. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी नववी-दहावीच्या जेवणाचा विषय मांडला. मुलाचं नाव घेतलं नाही.

नियम सांगितला. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्यात शाळेतल्या मोफत जेवणाचा हक्क आठवीपर्यंत किंवा 6 ते 14 वयापर्यंत. सहावी ते आठवीच्या मुलासाठी रोज 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 75 ग्रॅम भाजी. 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळतील असा हिशेब. नववीला शून्य. चौदा-पंधरा वर्षांचं वय म्हणजे हाडापेराने वाढायचं वय, मुलींच्या अंगात रक्त कमी असण्याचं वय, आणि नेमकी तिथेच आपण ताट काढून घेतो.

एक पालक म्हणाले, "मोठी पोरं हायेत मॅडम, घरून डबा आणतील की."

कोपऱ्यात बसलेल्या एक आजी लगेच बोलल्या, "कोण दील डबा? ल्योक-सून कारखान्यावर. मला डोळ्यानं दिसंना. भाकर थापू कवा अन् डबा भरू कवा?" सभा गप्प झाली.

मग एका सदस्याने सुचवलं, गरजूंची यादी करा, तेवढ्यांना गावातून देऊ. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी ठामपणे नाही म्हणाले. यादी झाली की त्या यादीत आपलं नाव नको म्हणून मूल उपाशी राहतं. पंधरा वर्षांच्या पोराला भुकेपेक्षा लाज मोठी असते. आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर एक मूल पंगतीला वाढून पोट भरत होतं, पण "मला द्या" असं त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. यादीसाठी त्याने हात वर केला असता का? पाचवी ते आठवीच्या पंगतीत कुणी कुणाच्या बापाची कमाई विचारत नाही. सावकाराचा नातू आणि कोयत्यावर गेलेल्याचा मुलगा मांडीला मांडी लावून बसतात, म्हणून तिथे भूक उघडी पडत नाही. सगळ्यांना द्यायचं ते यासाठी. ज्याला डबा आणायचा त्याने खुशाल आणावा.

"पण सरकार कुठवर पुरं पडणार?" हा प्रश्न आलाच. तमिळनाडूचं उदाहरण दिलं. कामराज मुख्यमंत्री असताना 1956 मध्ये तिथे शाळेत जेवण सुरू झालं, पुढचे मुख्यमंत्री एमजीआर (एम. जी. रामचंद्रन) यांनी 1982 मध्ये ते मोठ्या प्रमाणावर नेलं, आणि आज तिथली सरकारी व अनुदानित शाळांतली मुलं दहावीपर्यंत जेवतात. 2022 पासून प्राथमिकच्या मुलांना सकाळची न्याहारीही मिळू लागली. कर्नाटकातही दहावीपर्यंत जेवण आहे, तो खर्च राज्य स्वतः करतं. आपल्याकडेही हे सहज झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला आदेश दिला तेव्हा कुठे शिजवलेलं अन्न प्राथमिक शाळांचं बंधन झालं. त्याआधी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा आणि तो घरच्या डब्यात जाऊन पडायचा. मूल शाळेत उपाशी ते उपाशीच.

हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

ठराव तिथेच लिहिला: नववी व दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना, कोणताही दाखला न मागता, आठवीच्या प्रमाणात शिजवलेलं अन्न राज्य शासनाने द्यावं. अनुमोदन त्या आजींनी दिलं. भिंतीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

ठराव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि आमदारांकडे पाठवला. उत्तर अजून नाही. दरम्यान गावाने ज्वारी, तांदूळ, मटकी दिली. तो साठा आम्ही वेगळा ठेवतो, त्याची नोंदवही वेगळी, कारण शासनाच्या मापातला दाणाही इकडे वळवता येत नाही आणि वळवूही नये. मावशी आधीच तुटपुंज्या मानधनावर राबतात, म्हणून वाढलेल्या कामाचे पैसे त्यांना वर्गणीतून देतो. नववी-दहावीची मुलं आता त्याच पंगतीत बसतात. वाढायचं काम पाळीपाळीने सगळ्या वर्गांना दिलं आहे. आमचा मुलगा आपली पाळी असेल तेव्हाच उठतो.

हे धान्य हंगाम संपेपर्यंत कसंबसं पुरेल. लोकवर्गणीवर पोरांचं जेवण वर्षानुवर्षं चालत नाही. एका वर्षी पाऊस गेला की ज्वारी देणारा हातच मागायला लागतो. त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरावी लागते. म्हणून सध्या शाळा सुटल्यावर आम्ही काही शिक्षक तालुक्यातल्या इतर माध्यमिक शाळांत जातो, तिथल्या पालकांशी बोलतो, ठरावाचा मसुदा देतो. काही शाळांनी सह्या करून पाठवलाय, काही ठिकाणी अजून "बघू" चालू आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी हे सगळे ठराव एकत्र मंत्रालयात द्यायचे, असं ठरलं आहे.