वकिलाकडे पगाराची स्लिप कुठून येणार?

कंपनीच्या लीगल विभागात जायचं ठरवलं, तेव्हा कसबा बावड्याच्या कोर्टात जो तो विचारायचा, "ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, सहा जिल्ह्यांची कामं कोल्हापुरात आली, आणि तू आत्ता नोकरीला चाललास?" मला करारांचं काम मनापासून आवडतं, आणि महिन्याच्या महिन्याला पगारही हवा होता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखत दिली, मालकांनी तिथंच होकार दिला.

घोडं अडलं एचआरकडे. मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर जोडल्याशिवाय ऑनलाइन फॉर्मचं पुढचं पान उघडेना. "सर, मग सीनियरांकडून पगाराचा दाखला आणा," मॅडम म्हणाल्या. अहो, ज्यांच्या हाताखाली आम्ही वकिली करतो ते सीनियर पगार देत नाहीत, फी देतात. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून बार कौन्सिलला कळवावं लागतं, बार कौन्सिलचा नियम ४९ तोच आहे. हे समजावलं, मेल केला, पुन्हा समजावलं. दर वेळी उत्तर एकच, "वर विचारते."

शेवटी एचआरनं इन्कम टॅक्स रिटर्न मागितलं आणि त्यातल्या उत्पन्नावर थोडी वाढ धरून ऑफर पाठवली. आकडा बघून डोकंच फिरलं! मी ते रिटर्न आयकराच्या कलम ४४एडीएखाली भरलं होतं. त्यात जमा फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. सहा लाख फी आली, तर उत्पन्न तीन लाख. एकूण जमाही त्याच रिटर्नच्या फॉर्ममध्ये, म्हणजे आयटीआर-४ मध्ये असते, पण ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. मी अकाउंट्सच्या सीएंना भेटलो. २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, अशिलांनी फीतून १०% कापलेला टीडीएस दिसत होता. त्यांनी जागेवरच एचआरला फोन लावला, आणि ऑफर सुधारून आली.

म्हणून आयटीआर-४, २६एएस आणि सीनियरांचं अनुभवपत्र मुलाखतीलाच घेऊन जा. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, तेव्हा हातात किती येणार तेच विचारा.

काम मनासारखं आहे. परवा एका लघुउद्योजक पुरवठादाराच्या करारात ९० दिवसांनी पैसे देण्याचं कलम होतं. कायद्याने ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही. मी ते खोडलं, आणि पर्चेसवाल्यांनी मानलं.

आणि हो, ऑफर लेटरवर पद 'लीगल ऑफिसर' असंच लिहून घ्या. मला आधी 'अ‍ॅडमिन एक्झिक्युटिव्ह' लिहून आलं होतं, ते मी बदलून घेतलं.