रुमाल उघडण्याचा दिवस

संग्रहालयाच्या मित्रमंडळाचा वार्षिक मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारीच का, हे नवा सभासद हमखास विचारतो. ३१ डिसेंबर ही इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची पुण्यतिथी. १९२६ साली ते धुळ्यात वारले, आणि खानदेशात जुन्या कागदांशी ज्याचा संबंध आला त्याला ही तारीख पाठ असते. दुसरं कारण हवेचं, आणि खरं तर तेच निर्णायक. मे महिन्यात इथला पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा वेळी वर्षानुवर्षं घडीत राहिलेला कागद उलगडला की नेमका घडीवर तुटतो. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि तेव्हा उघडलेला रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचं कापडी गाठोडं, ती ओल घेऊनच पुन्हा बांधला जातो. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी असते, पण तापलेली नसते. जुन्या कागदांचं भांडार लोकांना दाखवायचं तर हेच दिवस.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, अहवाल, जमाखर्च, सत्कार हे व्हायचं तसं होतं. समई आणि हारतुरे मात्र अंगणातच राहतात. काजळी कागदावर बसते आणि फुलांतून किडे आत येतात.

मेळाव्याचं काम सुरू होतं ते तीन आठवडे आधी. वर्षभरात कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या देवघरातून जुन्या कागदांची दफ्तरं येतात. ती थेट भांडारात घेत नाहीत. जुन्या देशी कागदाला खळ देऊन तो दगडाने घोटत. एरंडोलचा देशी कागद तर एकेकाळी नावाजलेला होता. घोटाईमुळे बोरू अडखळत नाही, पण त्याच खळीवर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, जगते. म्हणून आलेलं दफ्तर पॉलिथिनच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करायचं आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. फ्रीझर आइस्क्रीमवाल्या भाऊंचा. थंडीत तो रिकामाच असतो. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. घाई केली की गार कागदावर दव धरतं, आणि किडीतून वाचलेलं पान बुरशीच्या तोंडी जातं. वेखंडाच्या पुरचुंड्या आणि कडुलिंबाचा पाला कीड लांब ठेवतात, पण आत शिरलेली मारत नाहीत. डांबरगोळ्या मंडळाने बंद केल्या, कारण बंद खोलीत त्यांचा वास तिथे बसून काम करणाऱ्याच्याच छातीत जातो.

मेळाव्याच्या दिवशी भांडारात दहा जणांची एक तुकडी, वीस मिनिटं. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पेन बाहेर, टिपणाला शिसपेन्सिल. फोटो काढा, फ्लॅश नको. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. पुष्कळजण पांढरे हातमोजे मागतात, पण कागदासाठी ते दिले जात नाहीत. सुती मोज्यातून पानाची कड बोटाला कळत नाही आणि विरलेल्या कडेला धागा अडकतो. ताम्रपट आणि नाण्यांना मात्र रबरी मोजे हवेतच. घामातल्या मिठाने तांब्यावर हिरवी भुकटी सुटते आणि ती अक्षरं खात जाते. ताम्रपट लख्ख करून आणणाऱ्या मंडळींचा हेतू चांगला असतो, पण चिंच आणि राखेने तो घासला की वरचा थर जातो आणि त्याबरोबर उथळ कोरलेल्या मात्राही जातात. घरात ताम्रपट असेल तर तो काळा, हिरवा, जसा असेल तसाच आणावा.

बाहेरच्या टेबलावर खापरांची ओळख होते. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. त्या पट्ट्यात नांगराला अजूनही खापर लागतं. शेतकरी ते स्वच्छ धुऊन, सगळी एका पिशवीत भरून आणतात. न धुता, वेगवेगळ्या पिशवीत, आणि कुठल्या शेतात, कोणत्या बांधाजवळ, किती खोल मिळालं ते चिठ्ठीवर लिहून आणलं तर त्याचा उपयोग होतो. ठिकाण हरवलेलं खापर नुसतं खापर राहतं.

मग दुरुस्तीचं प्रात्यक्षिक. आधी चिकटवायची खळ: गव्हाच्या सत्त्वाचा एक भाग, शुद्ध पाण्याचे चार-पाच भाग. तासभर भिजवून मंद आचेवर वीस-तीस मिनिटं सतत ढवळायचं. पांढरं पाणी आधी घट्ट होतं, मग काचेसारखं झळझळीत दिसू लागतं, तिथे उतरवायचं. गार झालं की बारीक चाळणीतून घासून काढायचं आणि लागेल तितकं पातळ करायचं. फाटलेल्या जागी लावायची जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ कागदाची, पट्टी कात्रीने कापत नाहीत. ब्रशने पाण्याची रेघ ओढून ती फाडतात, म्हणजे कडेला लव सुटते आणि ती लवच जुन्या कागदात मिसळते. पट्टीवर ब्लॉटिंग, त्यावर काच, त्यावर वजन. इथे नेहमी बिघडतं ते खळ जास्त पातळ झाल्याने. पाणी पसरतं, डागाची कड उमटते, पान लाटांसारखं वळतं. काजळी-डिंकाची शाई तर ओलीने सुटतेच. आणि चिकटपट्टीबद्दल प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या ताई दरवर्षी तितक्याच तळमळीने सांगतात, कारण दरवर्षी चिकटपट्टी लावलेलं एखादं पान येतंच. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग शाईला धक्का न लावता निघत नाही.

या सगळ्यात ज्याची वाट पाहावी असं एकच: मोडी वाचन. मोडी वाचणारे आबा खुर्चीत बसतात, पुढ्यात मांजरपाटाचा रुमाल. गाठ सोडली की पानांतून बारीक वाळू गळते. शाई टिपायला ती टाकलेली असे. तिच्यावर फुंकर मारायची नाही. मऊ ब्रशने ती एका बाजूला करायची. मोडीत आधी ओळभर रेघ आणि मग तिला टांगलेली अक्षरं. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आबा बोट कागदाला टेकवत नाहीत, वरून फिरवतात. सुरुवात तारखेपासून. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार: जुन्या मराठी कागदांतला, अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन ११७३. सन मृगापासून बदलतो, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पुढची पोरं वहीत बेरीज करतात आणि ओरडतात, १७७२!

आबांचा आवडता कागद महजर, आणि त्याबाबतीत त्यांचंच बरोबर. वतनाचा तंटा गोतसभेत, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेत, मिटला की निवाडा लिहायचा तो महजर. एकाखाली एक चिकटवलेली पानं, सांध्यावर शिक्के. एकजण वरून गुंडाळतो, दुसरा खालून सोडतो. निवाडा पुष्कळांना कळत नाही, पण शेवटी हजर असलेल्यांची नावं येतात तेव्हा मंडप बदलतो. गाव, नाव, काम, आणि लिहिता न येणाऱ्याची निशाणी: कुणब्याचा नांगर, सुताराचं हत्यार, वाण्याचा तराजू. आबा प्रत्येक निशाणीशी थांबतात. मागच्या रांगेत त्याच गावचा कुणी असतो, तो उठून पुढे येतो. “पुढे काय शे, आबा?” असं विचारणारे बहुधा तेच. आणि जिथे कसरीने अक्षर नेलंय तिथे आबा अंदाज बांधत नाहीत. “इथे गळालंय,” एवढं म्हणून पुढची ओळ धरतात. पाहुण्यांच्या भाषणांत जुन्या काळाविषयी पुष्कळ ऐकायला मिळतं. या दोन शब्दांइतका विश्वास त्यात वाटत नाही.

तक्रार एकच. वाचन तीन वाजता असतं आणि भरीत एक वाजता. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ठेचा. पंगतीला मंडप अपुरा पडतो आणि तीनला पुढच्या चार रांगा उरतात. शाळांची मुलं फोटोपुरती येऊन बसने परत जातात. शिवाय जेवणानंतर हाताला तेल असतं, साबणाने ते पुरतं निघत नाही आणि कागदावर त्याचा पारदर्शक डाग कायमचा राहतो. आधी वाचन, मग भरीत, हाच योग्य क्रम.

मदत करणाऱ्यांची नावं सभेत वाचली जातात. इथे त्यांची कामं तरी नोंदवायला हवीत. फ्रीझरवाले भाऊ. मांजरपाट दोनदा धुऊन, त्यातली खळ काढून मगच रुमाल शिवणारे शिंपीमामा. नवं कापड तसंच वापरलं तर कसरीला आयतं खाद्य होतं, हे त्यांनी एकदा ऐकलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. भिंतीपासून वीतभर अंतर राखून मांडण्या ठोकणारे सुतार. भरताची चूल वाऱ्याची दिशा पाहून भांडारापासून लांब मांडणाऱ्या बचत गटाच्या मावशी. हात धुण्याच्या नळापाशी दिवसभर टॉवेल घेऊन उभी राहणारी अकरावीची मुलं. वायरमन दादा, ज्यांनी भांडारातले पिवळे बल्ब काढले. शाळेचे शिपाईकाका, ज्यांनी बाकं आणली आणि मोजून परत नेली. दफ्तरं विश्वासाने देणारी घराणी. संध्याकाळी प्रत्येक रुमालातली पानं नोंदवहीशी ताडून मगच गाठ मारणाऱ्या ग्रंथपाल बाई. आकडा जुळल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत. ध्वनिक्षेपकवाले तात्या राहून जात होते. त्यांनी आबांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नेला.

वाचन सकाळी साडेदहाला घ्यावं असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. सभासदांनी आपली संमती लेखी पाठवावी, आणि संमती देणाऱ्याने साडेदहाला हजर राहावं.