ब्लॉक आणलाय का?

मुलगा सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ बघून ठेवल्याबद्दल मी अजून स्वतःची पाठ थोपटतो, कारण कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच आला. वय पाच, कपाळावर टेंगूळ, कोथरूडहून येताना रिक्षात एक उलटी. डॉक्टरबाईंनी तपासलं. "शुद्धीत आहे, नीट बोलतोय. लगेच सीटी स्कॅन नको, उगाच रेडिएशन. चार-सहा तास बघू."

नुसतं बघू? मी मोबाइल काढला. जीएफएपी, यूसीएच-एल१. मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी प्रथिनं. अमेरिकेत २०१८ मध्ये चाचणीला मान्यता. म्हटलं, झालं काम, आणि लॅबच्या खिडकीशी गेलो.

आतल्या पोरानं तीनदा स्पेलिंग विचारलं. "सीआरपी लिहू का?" नको, ती सूज-संसर्गाची. मग मी एस१००बी, म्हणजे तसंच आणखी एक प्रथिन, म्हणालो आणि त्याचा चेहरा खुलला. "एस१०० आहे! ब्लॉक आणलाय का?"

"कसला ब्लॉक?"

"बायोप्सीचा, काका."

म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा! त्यांच्याकडची एस१०० रक्ताची नव्हे, गाठीची चाचणी होती. मला रक्त तपासायचंय म्हटल्यावर तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "नाव टाकून ठेवतो, सॅम्पल नंतर द्या. फॉर्मवर डॉक्टरांची सही लागेल." वर गेलो, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे. खाली आलो तर खिडकीत 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी. वीस मिनिटं त्या पाटीसमोर उभा होतो आणि पोरगं वर आईला "बाबा कुठे?" विचारत होतं.

सही मिळालीच नाही. बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की ती मान्यता अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. एस१००बी तर लहान मुलांत मुळातच जास्त असतं, वयाप्रमाणे बदलतं. शिवाय हाड मोडलं तरी वाढतं. आकडा आला असता तरी वाचायचा कसा? हे आधी सांगितलं असतं तर, असं म्हणणार होतो, पण विचारलं कुठे होतं मी.

हो, एक राहिलं. ज्यानं पडताना पाहिलंय त्याला फोनवर धरा. पाच फुटांहून उंचावरून पडला का, यावर सीटीचा निर्णय हलतो. मला सांगता येईना, वॉचमनकाकांनी सांगितलं, कमरेएवढ्या उंचीवरून.

परत उलटी झाली नाही. साडेअकराला घरी सोडलं.

लॅबचा मेसेज मात्र चार दिवस रोज सकाळी येत होता: 'आपला नमुना अद्याप प्राप्त झालेला नाही.'