काल रात्री परत ती कविता ऐकली

कॅथी जेटनिल-किजिनर, प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची कवयित्री. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला युनोच्या हवामान परिषदेत ती उभी राहिली आणि आकडेवारीचं भाषण न देता तिने आपल्या तान्ह्या लेकीसाठी लिहिलेली कविता म्हटली, कुणालाही आपला देश सोडायला लागणार नाही असं वचन देणारी, आणि अख्खा हॉल उभा राहिला. मी कितव्यांदा ऐकतेय माहीत नाही पण डोळे भरतातच.

तिचा देश समुद्रापासून सरासरी जेमतेम २ मीटर उंच आहे, मोठी भरती आली की पाणी थेट घरात. आणि हेच लोक १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेच्या ६७ अणुचाचण्या सोसून बसलेत, लोकांना त्यांच्या बेटांवरून हलवलं गेलं. एकदा घर गेलेल्यांना आता परत सांगायचं की तुमचं घर बुडणार? मला तर संताप येतो.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे हे लोक बिचारे व्हायला तयार नाहीत. पॅसिफिक क्लायमेट वॉरियर्स, म्हणजे हवामान बदलाविरुद्ध लढणारा प्रशांत बेटांवरच्या तरुणांचा गट, त्यांची घोषणाच आहे, आम्ही बुडत नाही आहोत, आम्ही लढतोय. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या कोळसा बंदरात जहाजं अडवायला होड्या घातल्या, त्यातल्या काही त्यांनी आपापल्या बेटांवर हाताने बनवलेल्या, आणि समोर अवाढव्य कोळशाची जहाजं!

२०१८ मध्ये कॅथी ग्रीनलंडला गेली आणि तिथली कवयित्री आका निवियाना हिच्यासोबत बर्फावर उभं राहून दोघींनी मिळून कविता म्हटली, एकीचा बर्फ वितळतोय आणि दुसरीच्या दारात तेच पाणी चढतंय.