कबरीची शिवारफेरी : पोळ्यापासून होळीपर्यंत

माझी कुत्री कबरी हिला घेऊन मी शिवारात फिरतो. नवीन मंडळींचा वेळ वाचावा म्हणून कुत्रं घेऊन कुठे जाता येत नाही, तो नकार आधी सांगून टाकतो. आमच्या सेलू तालुक्यात (जिल्हा वर्धा) जंगल म्हटलं की बोर. तो २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथे कुत्र्याला प्रवेश नाही. ताडोबा, पेंच, टिपेश्वर, नागझिरा, कुठेच नाही. पुण्याकडची मंडळी कुत्र्याला घेऊन किल्ले चढतात ते फोटो मीही बघतो, पण आपले गाविलगड आणि नरनाळा मेळघाटच्या जंगलात बसलेत. फाटकावरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालू नका. नियम बरोबर आहे. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कुत्र्यातून वाघ-बिबट्यात जाऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. आणि बिबट्याच्या लेखी कुत्रं म्हणजे आयतं जेवण, हे तर आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे.

शहरातल्या बागांच्या दारावर ‘कुत्र्यांना मनाई’ची पाटी असते. मग उरतं काय? पांदण, कालव्याची पाळ, ई-क्लासचं (सरकारी चराईच्या जमिनीचं) पडीत आणि गावाजवळची एखादी टेकडी. माझं म्हणणं असं की हे पुष्कळ आहे. फक्त कोणती वाट कोणत्या महिन्यात धरायची, ते पिकाला विचारून ठरवावं लागतं.

कबरी गावठी आहे, अंगावर पांढरे-तपकिरी ठिपके, वजन सतराच्या आसपास. सुरुवातीला तिला पट्टा बांधून पांदणीनं निघालो की धुऱ्यावरचा हमखास कुणीतरी विचारायचा, “काहून गुर्जी, कुत्रीले कासरा बांधून फिरवता? कालवड हाय का ते?” आता कुणी विचारत नाही. उलट ढोरकी लांबून ओरडून सांगतो, पुढे ढोरं आहेत, नाल्याच्या अंगानं जा.

पोळा ते दसरा हा काळ सगळ्यात कटकटीचा. काळ्या मातीचा चिखल पंजाच्या गाद्यांमध्ये बसतो आणि वाळला की खड्यासारखा टोचतो. कुत्रं लंगडायला लागलं की लोकांना काटा मोडल्यासारखं वाटतं, पण निम्म्या वेळा हा गोळाच असतो. कोमट पाण्यात पाय भिजवले की सुटतो; ओढून काढायला जाऊ नका. या दिवसांत मी पांदण सोडून देतो आणि गिट्टी टाकलेल्या रस्त्यानं समृद्धी महामार्गाखालच्या बोगद्यापर्यंत जाऊन परत येतो. वरून गाड्या सुसाट जातात, खाली थंडगार सावली असते. कबरीला पहिल्यांदा तो घुमणारा आवाज झेपेना, आता तिथेच पसरते.

चिखलापेक्षा मोठी भीती फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. माणसाची ही गत, तर जमिनीला नाक लावून चालणाऱ्या आणि वर पाय चाटणाऱ्या जनावराचं काय? पऱ्हाटीत (कपाशीत) फवारणीचा पंप चालू दिसला की मी वाट बदलतो. वावरातल्या डबक्याचं, ड्रमजवळ सांडलेलं पाणी तोंडाला लावू देत नाही. घरी आल्यावर चारही पाय आणि पोटाखालची बाजू साबणानं धुतो.

दिवाळी उलटली की खरा हंगाम. बोर धरणाचं पाणी रब्बीसाठी सुटतं आणि कालव्याची पाळ चालायला मोकळी होते. सपाट वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तूर आणि हरभरा. सकाळी दव सुकल्यावर निघायचं आणि ऊन टोचायच्या आत परतायचं. अगदी पहाटे किंवा तिन्हीसांजेला मात्र नाही. जंगलाला लागून असलेल्या गावात ती वेळ आपली नव्हे.

कालव्याचा एक धोका नीट समजून घ्या. सिमेंटचं अस्तर असलेल्या भागात उतार गुळगुळीत असतो आणि पाण्याच्या रेघेवर शेवाळ धरतं. कुत्रं पाणी प्यायला खाली उतरतं, पण पुढचे पाय रोवून वर येता येत नाही आणि ते प्रवाहासोबत वाहत राहतं. म्हणून पाणी पाजायचं ते मोरीजवळ पायऱ्या असतात तिथेच, नाहीतर बाटलीतून. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस इथे कामाला येतो, कारण ओढून काढायची वेळ आली तर गळा आवळला जात नाही.

दुसरं, झटका मशीन. रानडुकरांसाठी हरभऱ्याभोवती तार ओढलेली असते. सोलरचा झटका बसला तर कुत्रं केकाटतं आणि सावरतं, पण काही ठिकाणी लोक थेट लाईनचा करंट सोडतात. तो बेकायदा आहे आणि जीव घेतो. कोणती तार कसली हे बाहेरून कळत नाही. तार दिसली की दोर आखूड, मग कबरी कितीही आज्ञाधारक असो.

कुसळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या लोकांना त्याचं गांभीर्य कळत नाही. ई-क्लासमधलं गवत दसऱ्यानंतर पिकतं आणि त्याची कुसळं सुटी होतात. टोक सुईसारखं, मागे उलटे केस, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. पायजम्यात घुसलं तर आपण काढून टाकतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात गेलं तर आत रुतत जातं आणि पू होतो. घरी आल्यावर कबरीला ओट्यावर आडवी पाडतो, बॅटरी लावून एकेक बेचकं फाकवून बघतो. केसांच्या बुडाशी बारीक लाल ठिपका आणि त्यावर ती सारखी जीभ लावत असेल तर समजायचं, आत काहीतरी आहे. दिसत असेल तर चिमट्यानं ते जिथून आत गेलं त्याच रेषेत सरळ बाहेर ओढायचं. कान झटकत असेल, मान एका बाजूला कलती असेल, तर घरी कोरणं नको, दवाखाना. पावसाळा संपता संपता बोटांमधले केस कातरले तर निम्मं काम वाचतं.

ढोरं चरतात तिथे गोचीड आलंच. डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी वेळेवर द्या. गोठ्यातलं ढोरांचं औषध अंदाजानं कुत्र्याला चोपडू नका, गावात हे सर्रास चालतं आणि कुत्री थरथरून आडवी होतात. खाणं सुटलं, हिरड्या फिकट पडल्या, अंग तापलं तर गोचिडाचा ताप धरून रक्त तपासून घ्या. रेबीजच्या लसीचं कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलंय. परक्या गावात कुणी काठी उगारली तर ते दाखवून पुष्कळ भांडणं मिटतात.

याच हंगामात काठेवाडी मंडळींचे (गुजरातकडून येणाऱ्या फिरत्या मेंढपाळांचे) डेरे शिवारात उतरतात. उंट लांबूनच दिसतात, पण मेंढ्यांची राखण करणारी कुत्री दिसत नाहीत, थेट अंगावर येतात. डेरा दिसला की दोन वावरं वळसा. त्यांचं काम राखणीचं, त्यांचं काही चुकत नाही.

टेकडी म्हणून केळझर. वर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, चतुर्थीला गर्दी असते, म्हणून मी आडवारी जातो आणि कुत्रीला देवळाच्या आवारात नेत नाही; चढ-उताराचा सराव हाच हेतू. सपाट शिवारात वाढलेल्या जनावराच्या मांड्या उतरताना कशा लटपटतात ते बघण्यासारखं असतं. पवनारला धाम नदीचे खडक चांगले, पण आश्रमाची बाजू सोडून, शांतपणे, दोर हातात धरून.

पळस फुलला की मी वेळ आवरती घेतो. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा; पाच-सात सेकंद धरवत नसेल तर पंजालाही धरवणार नाही. जीभ लांब बाहेर, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या खात असेल तर सावलीत घ्या, पोटावर आणि मांड्यांवर साधं पाणी ओतत वारा घाला, बर्फ लावत बसू नका आणि तसेच डॉक्टरकडे निघा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, अंगणापलीकडे काही नाही.

प्रगतीचं म्हणाल तर शीळ घातली की कबरी आता ससा सोडून वळते. मोर उडाला तर नाही वळत. पुढच्या हिवाळ्यात भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतळ्यांच्या) पाळीवरून चालायचा बेत आहे. तिकडच्या कुणी कुत्रं घेऊन ती वाट केली असेल तर सांगा : शिंगाडा लावलेल्या तलावाच्या काठानं गेलं तर ढिवर (मासेमारी करणारी) मंडळी रागावतात का, आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून किती लांब राहावं लागतं?