बुधवार, रात्री ८

बेसमेंटमधली खोकी आवरताना आज २००५ ची डायरी हाताला लागली. निळं रेक्झिनचं कव्हर, कोपऱ्यांना उसवलेलं. सप्टेंबरपर्यंतची पानं जवळपास कोरीच आहेत. फोन कार्डांचे पिन, वाणसामानाचा हिशेब, डेंटिस्टची तारीख, एवढंच. मग २१ सप्टेंबरच्या पानावर पेन दाबून लिहिलंय, "८ वा. मार्था." पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारीही. असं थेट डिसेंबरपर्यंत.

आवराआवर तिथेच राहिली. जिन्याच्या पायरीवर बसून सगळे बुधवार वाचून काढले.

आम्ही त्या वर्षी मे महिन्यात न्यू जर्सीत आलो. नवरा एच-१ या कामाच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. तेव्हा एच-४ म्हणजे राहायची मुभा होती, कामाची नाही. त्याआधी सहा वर्षं मी नोकरी केली होती, सकाळी सव्वानऊला टेबलाशी असायची सवय होती. इथे सव्वानऊला भांडी घासून झालेली असायची आणि पुढचा दिवस तसाच पडलेला असायचा. नवरा रात्री नऊच्या आधी घरी येत नसे. त्या रिकाम्या दिवसांत टीव्हीचं वेळापत्रक हेच माझं वेळापत्रक झालं, आणि त्यातली सगळ्यात पक्की वेळ होती बुधवार, रात्री ८, एनबीसी नेटवर्क. 'द अप्रेंटिस : मार्था स्टुअर्ट', घर-स्वयंपाकाच्या मासिकांनी आणि टीव्ही कार्यक्रमांनी प्रसिद्ध झालेल्या उद्योजिकेचा रिॲलिटी शो.

मूळ 'अप्रेंटिस', म्हणजे एका नोकरीसाठी उमेदवारांची स्पर्धा, जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं होतं. निर्माता मार्क बर्नेट, खुर्चीत डोनाल्ड ट्रम्प, आणि दर आठवड्याला एकाला "यू आर फायर्ड". पहिल्या सीझनचा शेवटचा भाग जवळजवळ २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'फ्रेंड्स' संपलं. एनबीसीची गुरुवारची रात्र वर्षानुवर्षं अमेरिकेत सगळ्यात मोठी मानली जायची, ती एकदम पोरकी झाली. पुढच्या वर्षभरात १८ ते ४९ वयाच्या प्रेक्षकांत हे नेटवर्क पहिल्या नंबरवरून चौथ्यावर घसरलं. जाहिरातीचा पैसा त्या वयोगटावरच ठरतो. अशा वेळी हातात चाललेलं एक नाणं असेल तर माणूस त्याचीच दुसरी बाजूही चालवून बघतो. फेब्रुवारी २००५ मध्ये मार्थाच्या कार्यक्रमाची घोषणा झाली. तेव्हा ती तुरुंगात होती.

शेअर विक्रीच्या चौकशीत खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल तिला शिक्षा झाली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनमध्ये पाच महिने, आणि नंतर पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून नजरकैद. ती नजरकैद ऑगस्टअखेर संपली. १२ सप्टेंबरला तिचा रोजचा दुपारचा कार्यक्रम 'मार्था' सुरू झाला आणि २१ तारखेला हा. चौसष्ट वर्षांची बाई, एका महिन्यात दोन कार्यक्रम. मला तिची भीती वाटायची आणि कौतुकही. तिनं केलं ते चूक होतं, त्याची शिक्षा तिनं भोगली आणि ती पुन्हा कामाला लागली. मी तेव्हा कामासाठी इतकी आसुसले होते की त्या एकाच गोष्टीवर तिच्या बाजूची झाले.

कार्यक्रमाचा साचा मूळचाच. सोळा उमेदवार, दोन गट, दर भागात एक काम, हरणाऱ्या गटातला एक घरी. पहिल्याच भागात लहान मुलांसाठी जुनी परीकथा नव्यानं लिहायचं काम होतं. ट्रम्पच्या बोर्डरूमसारखा काळोखा लाकडी दरबार इथे नव्हता. उजेडाची कॉन्फरन्स रूम होती, मार्थाच्या बाजूला तिची मुलगी अलेक्सिस आणि कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स कॉपेलमन. निरोपाचं वाक्यही वेगळं, "यू जस्ट डोन्ट फिट इन". म्हणजे, आमच्यात तुमचं जमत नाही. लोकांना ते मिळमिळीत वाटलं. मला ते जास्त लागायचं. चूक केली म्हणून काढणं एकवेळ समजतं, पण तुम्ही इथले नाही हे ऐकणं वेगळं असतं, आणि ते वर्ष माझं तेच ऐकण्यात गेलं.

पण मी थांबायची ती त्यानंतरच्या मिनिटासाठी. काढलेला उमेदवार बाहेर पडायचा आणि मार्था टेबलाशी बसून त्याला पत्र लिहायची. हातानं. कागदावर पेन सरकताना दिसायचं आणि मजकूर तिच्याच आवाजात ऐकू यायचा. तू काय चांगलं केलंस, कुठे चुकलंस, पुढे काय कर. कधी फार कोरडं असायचं, कधी एखादं वाक्य उगाच टोचणारं. तरी पत्र होतं. ज्याला नाही म्हटलं त्याच्यासाठी कुणीतरी टेबलाशी बसून दोन मिनिटं दिली होती. पुढे माझ्या परमिटचं काम झाल्यावर मी किती ठिकाणी अर्ज केले त्याची गणतीच नाही, आणि बहुतेक ठिकाणांहून 'नाही' एवढंसुद्धा आलं नाही. आज मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते तेव्हा न निवडलेल्या प्रत्येकाला मी स्वतः लिहिते. तीन-चार ओळीच, पण त्या माणसाविषयीच्या.

दर रविवारी सकाळी आईला फोन असायचा. कार्डावरची मिनिटं संपायच्या आत ती न चुकता विचारायची, "तुझ्या त्या मार्थाबाईंनी या वेळी कुणाला घालवलं गं?" आणि लगेच, "पत्रात काय लिहिलं?" आईनं तो कार्यक्रम कधी पाहिला नाही, पण पत्रं सगळी ऐकली.

नोव्हेंबरमध्ये बातमी आली की दुसरा सीझन होणार नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "का? बघत नव्हते का लोक?"

"बघत होते. पहिल्या भागाला सत्तर लाख होते."

"सत्तर लाख? आणि ते कमी?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी ते शोधायला लागले. वाचनालयातली मासिकं, वर्तमानपत्रांच्या मनोरंजन पुरवण्या, जे मिळेल ते. टीव्हीचं वेळापत्रक कसं लागतं हे मी त्या हिवाळ्यात शिकले, आणि जितकं कळत गेलं तितकं वाईट वाटत गेलं, कारण कार्यक्रमाच्या बऱ्यावाईटाचा त्यात हिस्सा फार थोडा होता.

पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचा प्राइम टाइम रात्री आठला सुरू होतो. त्याआधीचा वेळ स्थानिक स्टेशनचा. म्हणजे आठचा कार्यक्रम रात्रीचं दार उघडतो. साडेआठ किंवा नऊच्या कार्यक्रमाला आधीच्याचा प्रेक्षक आयता मिळतो, रिमोट उचलायचा कंटाळा केलेली माणसं तशीच पुढे वाहत येतात. याला 'लीड-इन' म्हणतात. ट्रम्पचं 'अप्रेंटिस' मोठं झालं ते गुरुवारी, 'फ्रेंड्स'च्या रात्री, भरल्या घरात. मार्थाला मिळाला बुधवार, आठ वाजता, आधी कुणी नाही. त्याच रात्री, त्याच तासाला, यूपीएनवर 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल'. तोही रिॲलिटी शो, तोही बायकांनी जीव लावून पाहिलेला, आणि त्याचा नवा सीझनही २१ सप्टेंबरलाच सुरू झालेला. नऊ वाजता एबीसीवर 'लॉस्ट'चा दुसरा सीझन, पहिल्याच रात्री २ कोटींहून जास्त प्रेक्षक. एनबीसीनं 'लॉस्ट'समोर 'ई-रिंग' नावाची नवीकोरी मालिका उभी केली होती. तीही वर्षभरात गेली. म्हणजे मागे आधार नाही, समोर आपल्याच जातीचा स्पर्धक, आणि पुढे जे आहे त्याच्यासाठी कुणी थांबायला तयार नाही.

आणि यातलं काहीच नसतं तरी एक गोष्ट होतीच. मार्थाचा पहिला भाग बुधवारी, आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी रात्री नऊला, ट्रम्पचा चौथा सीझन सुरू. तोच साचा, दोन दिवस लागोपाठ. दर आठवड्याला दोन तास एकच गोष्ट कुणी का बघावी? एबीसीनं 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'चं हेच केलं होतं. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सगळा देश त्यापायी वेडा झाला होता. मग आठवड्यातून चार-पाच रात्री तेच दाखवलं आणि २००२ पर्यंत प्राइम टाइममधून ते गेलं. हे सगळं घडून तीनच वर्षं झाली होती, याच धंद्यातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर.

मूळ कार्यक्रमाची घसरण तर आधीच लागली होती. सीझनमागून सीझन प्रेक्षक कमी होत होते. पण स्पिनऑफ, म्हणजे त्यातूनच काढलेला मार्थाचा कार्यक्रम, आला आणि दोष ठेवायला एक नाव मिळालं. नेटवर्ककडून सांगण्यात आलं की हा कार्यक्रम एकाच सीझनपुरता ठरलेला होता. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मार्थानं नंतर एका मासिकाला सांगितलं की आपण ट्रम्पच्या जागी येणार, त्यालाच पहिल्या भागात काढून टाकणार, असा तिचा समज करून दिला होता. ट्रम्प म्हणाला, दोन कार्यक्रमांत लोकांचा गोंधळ झाला आणि त्याची झळ माझ्या कार्यक्रमाला लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यानं तिला लिहिलेलं पत्र छापून आलं, तिच्या कामगिरीची लक्तरं काढणारं. ते वाचून मी खरंच रडले होते. जी बाई दर आठवड्याला हरलेल्याला चार शब्द लिहायची, तिच्या वाट्याला असं पत्र यावं आणि ते सगळ्या जगानं वाचावं.

माझं म्हणणं सोपं आहे. एका आठवड्यात दोन सारखे कार्यक्रम मार्थानं नव्हते लावले. आठचा रिकामा उंबरा तिनं नव्हता मागितला. ज्यांनी तो तक्ता भरला त्यांच्याबद्दल मला कुठेच वाचायला मिळालं नाही. बातमीत एकच नाव होतं.

गुरुवारी पुढे काय झालं तेही मी लिहून ठेवलंय, जानेवारी २००६ च्या एका सुट्या कागदावर, डायरीत घडी घालून. 'माय नेम इज अर्ल' आणि 'द ऑफिस' या दोन मालिका त्या महिन्यात गुरुवारी नऊ आणि साडेनऊला आणल्या. 'अप्रेंटिस' फेब्रुवारीअखेर आलं ते सोमवारी. पुढच्या वर्षी रविवारी. मग २००७ च्या उन्हाळ्यापूर्वी जाहीर झालेल्या वेळापत्रकात त्याचं नावच नव्हतं, आणि २००८ च्या जानेवारीत नामवंतांना घेऊन ते परत आलं. म्हणजे शेवटी मूळ कार्यक्रमही वाचला तो वेगळा होऊनच. गुरुवारच्या जागेनं 'द ऑफिस'ला मात्र हात दिला. मालिका तीच, रात्र बदलली, आणि लोकांनी ती आपली म्हटली. हे वाचलं की मला दर वेळी वाटतं, मार्थाला एक वर्ष थांबवून, ट्रम्पच्या सुट्टीच्या काळात, भरल्या रात्री आणलं असतं तर?

शेवटचा भाग २१ डिसेंबरला थेट दाखवला. दोघी उरल्या होत्या. जिंकली डॉना स्टोन, तिला मार्थाच्याच कंपनीच्या एका मासिकात अडीच लाख डॉलरची नोकरी मिळाली. हरली बेथनी फ्रँकेल. मला बेथनी जिंकायला हवी होती. फार बोलायची, धडपडायची, लोकांच्या अंगावर जायची, पण काम करताना तिच्या डोळ्यांत जी भूक दिसायची ती मला ओळखीची होती. २००८ मध्ये ती 'रिअल हाउसवाइव्ज ऑफ न्यूयॉर्क सिटी'त दिसली, एनबीसी युनिव्हर्सलच्याच ब्राव्हो वाहिनीवर, आणि २०११ मध्ये तिचा 'स्किनीगर्ल' कॉकटेलचा धंदा बीम कंपनीनं विकत घेतला. बंद केलेल्या कार्यक्रमातली हरलेली मुलगी, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या वाहिनीची सगळ्यात ओळखीचा चेहरा झाली. मार्थाचा दुपारचा कार्यक्रमही २०१२ पर्यंत चालला.

प्रेक्षक मोजण्यासाठी निल्सन कंपनीची यंत्रं काही हजार घरांत असायची. आमच्या घरी नव्हतं. त्या तीन महिन्यांत मी कार्यक्रम बघितला की नाही याची कुठेच नोंद झाली नाही. आहे ती या डायरीत. आईची तर तीही नाही, म्हणून आज लिहितेय : दर रविवारी, फोनवर, एक प्रेक्षक आणखी होता.

आणखी एक पान. त्या सप्टेंबरमध्ये मी बहुतेक वर्षअखेरपर्यंतचे सगळे बुधवार एका बैठकीत भरून टाकले असावेत, कारण २८ डिसेंबरवरही माझ्या अक्षरात "८ वा. मार्था" आहे. त्यातलं नाव नंतर खोडलंय, बारीक, एकाच रेघेनं. "८ वा." तसंच ठेवलंय.