तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणूचे कवच कोण जोडते?

विषाणूच्या कवचातील शेकडो प्रथिने कोणी न सांगता आपापल्या जागी कशी जाऊन बसतात, असे मला वारंवार विचारले जाते. ‘ती आपोआप बसतात’ हे उत्तर खरे असले, तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

तंबाखूवर मोझॅक रोग पाडणारा विषाणू पाहा. त्याच्या दंडाकृती कवचात एकाच प्रथिनाच्या सुमारे 2130 प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीत 158 अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे दुवे. प्रत्येक प्रत वेगळी असती, तर एका आम्लाला तीन अक्षरे या हिशोबाने नुसत्या कवचाच्या कृतीला दहा लाखांहून अधिक अक्षरांचा आरएनए (विषाणूची कृती ज्यात लिहिलेली असते तो रेणू) लागला असता. प्रत्यक्षात तो जेमतेम 6400 अक्षरांचा आहे. म्हणजे एकच घटक पुन्हा पुन्हा वापरण्यावाचून विषाणूला गत्यंतर नाही. प्रथिनाची एकेक प्रत आरएनएची तीन-तीन अक्षरे कवेत घेत मळसूत्री वळणाने रचली जाते, त्यामुळे दंड कुठे थांबायचा हेही आरएनएची लांबीच ठरवते. 1955 मध्ये फ्रॅन्केल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी हे प्रथिन आणि आरएनए वेगळे करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, तेव्हा रोग पाडू शकणारे दंड तयार झाले. तिथे जिवंत पेशी नव्हतीच.

मला खरी मेख वाटते ती जोडांच्या दुबळेपणात. दोन घटकांमधील पकड बहुधा सैल असते, म्हणून चुकीच्या जागी बसलेला घटक सुटतो आणि पुन्हा प्रयत्न होतो. योग्य जागी मात्र अनेक शेजारी मिळून त्याला धरून ठेवतात. पकड पहिल्यापासूनच घट्ट असती, तर एकाच वेळी असंख्य कवचांची सुरुवात होऊन सुटे घटक संपले असते आणि सगळी कवचे अर्धवट राहिली असती. (सगळ्याच विषाणूंना एवढ्यावर भागत नाही, पी22 या जिवाणूभक्षकात, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूत, बांधकामापुरती परांचीसारखी वेगळी प्रथिने येतात आणि काम होताच बाहेर पडतात.)

हिपॅटायटिस बी विषाणूचे गाभ्याचे कवच बहुतांशी एकाच प्रथिनाच्या 120 जोड्यांचे असते. त्याविरुद्ध अभ्यासली गेलेली काही औषधद्रव्ये ही पकड मोडत नाहीत, उलट घट्ट करतात. मग कवचे घाईने जुळतात आणि एकतर वेडीवाकडी होतात, नाहीतर आरएनए आत न घेताच बंद होतात.